एकच ब्रॅकेट पुन्हा पुन्हा निघतंय? चिकटवून घेण्याआधी त्याची मागची बाजू बघा

दात सरळ करायला तारा लावून चौथा महिना चालू होता आणि माझ्या खालच्या डाव्या बाजूच्या दुसऱ्या उपदाढेवरचं ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, तिसऱ्यांदा निघालं. दर वेळी तेच व्हायचं. जेवताना खडा लागल्यासारखं वाटायचं, जिभेनं चाचपलं की ब्रॅकेट तारेवर मण्यासारखं फिरत असायचं. मग फोन, अपॉइंटमेंट, पुन्हा चिकटवणं, ‘कडक खाऊ नका’ ही सूचना, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी कडक काहीही खात नव्हते. तरी खुर्चीवर बसताना काहीतरी लपवून आल्यासारखं वाटायचं.

या चक्रात अडकलेल्यांसाठी हे लिहिते आहे. उपचाराच्या काळात एखादं ब्रॅकेट निघणं ही नेहमीची गोष्ट आहे, त्यानं घाबरायचं कारण नाही. पण त्याच दातावरचं ब्रॅकेट दुसऱ्यांदा निघालं, तर नुसतं चिकटवून घेऊन घरी येऊ नका. ‘हेच का निघतंय?’ असं स्पष्ट विचारा. मी हा प्रश्न तिसऱ्या वेळी विचारला. पहिल्यांदाच विचारला असता तर दोन महिने वाचले असते.

ब्रॅकेट दाताला धरून कसं राहतं

पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं बसवावं लागायचं. १९५५ मध्ये मायकल बुओनोकोर यांनी दाखवलं, की दाताच्या इनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कडक आवरणावर, फॉस्फोरिक ॲसिड लावलं तर त्यावर रेझिन (प्लॅस्टिकसारखं कडक होणारं चिकट द्रव्य) जास्त घट्ट बसतं. पुढच्या काळात ब्रॅकेट थेट दातावर चिकटवायची पद्धत त्यातून आली. आजही तेच करतात. साधारण ३७ टक्क्यांचं ॲसिड १५ ते ३० सेकंद दातावर ठेवतात, धुतात आणि हवेच्या झोतानं दात कोरडा करतात. तो दात खडूसारखा निस्तेज पांढरा दिसायला लागतो. त्या पांढऱ्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खळगे तयार झालेले असतात. पातळ रेझिन त्यांत उतरतं, निळ्या दिव्याखाली कडक होतं आणि तिथेच अडकून बसतं.

दात खडूसारखा पांढरा झाल्यापासून ब्रॅकेट बसेपर्यंतच्या त्या क्षणांत लाळ लागली, तर खळगे लाळेनं भरतात आणि पकड कच्ची राहते. खालच्या मागच्या दातांजवळ लाळ साचते, एका बाजूनं जीभ येते, दुसऱ्या बाजूनं गाल. शिवाय चावण्याचा जोरही तिथेच जास्त. म्हणून मागची ब्रॅकेट पुढच्यांपेक्षा जास्त निघतात. यात तुमचा दोष असेलच असं नाही.

एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. ही पकड मुद्दामच मर्यादित ठेवलेली असते. उपचार संपल्यावर ब्रॅकेट काढताना इनॅमलचा टवका उडता कामा नये. त्यामुळे ‘जास्त घट्ट सिमेंट (म्हणजे हे चिकटवायचं रेझिन) लावा ना’ हा उपाय होऊ शकत नाही.

सिमेंट कुठे राहिलंय ते बघा

ब्रॅकेट तारेवरून पूर्ण सुटून हातात आलं, तर टाकू नका. छोट्या डबीत ठेवा आणि उजेडात त्याची मागची बाजू बघा. तिथे बारीक जाळी असते.

जाळीवर सिमेंटचा थर तसाच आहे आणि दात जिभेला गुळगुळीत लागतोय, तर पकड दाताच्या बाजूनं सुटली. अशा वेळी आधी शंका घ्यायची ती ओलाव्याची, किंवा दाताच्या पृष्ठभागाचीच. काहींच्या इनॅमलवर लहानपणी जास्त फ्लोराइड पोटात गेल्याचे पांढरे-तपकिरी डाग असतात, तिथे ॲसिडचा परिणाम नेहमीसारखा होत नाही. दातावर सिरॅमिकची कॅप असेल तर नेहमीची पद्धत चालतच नाही, तिच्यावर वेगळी प्रक्रिया करावी लागते. कॅप इतकी बेमालूम बसलेली असते की आपणही ती विसरून जातो. म्हणून आपणहून सांगा.

याउलट जाळी रिकामी आहे आणि दातावर खरखरीत सिमेंट राहिलंय, तर दाताची पकड चांगली होती आणि ब्रॅकेट त्यावरून सुटलं. मग बहुतेक वेळा कशाचा तरी जोर त्यावर येत असतो. निघालेलं जुनंच ब्रॅकेट जाळी नीट साफ न करता परत लावलं असेल, किंवा दिव्याचा उजेड मागच्या कोपऱ्यात पुरेसा पोचला नसेल, तरीही असं होतं.

हा काही शंभर टक्के पुरावा नव्हे, कधीकधी सिमेंट दोन्हीकडे अर्धं-अर्धं राहतं. पण डॉक्टर याकडे गंभीरपणे बघतात. दातावर किती सिमेंट उरलं हे ० ते ३ अशा श्रेणीत नोंदवायची पद्धत १९८४ पासून वापरात आहे. तुम्ही फोनवर ‘ब्रॅकेट निघालं’ एवढंच सांगण्याऐवजी ‘दात गुळगुळीत लागतोय, सिमेंट ब्रॅकेटवर आहे’ असं सांगितलंत, तर बोलणं नेमक्या जागेवरून सुरू होतं.

माझ्या बाबतीत काय निघालं

पहिल्या वेळी दात गुळगुळीत होता. त्या दिवशी माझ्या तोंडात लाळ खूप येत होती, हे मला आठवतं. दुसऱ्या वेळी मी बघितलंच नाही. तिसऱ्या वेळी मात्र दातावर सिमेंटचा खरखरीत थर होता. मी तसं सांगितल्यावर डॉक्टरांनी नवं ब्रॅकेट बसवलं, कार्बन कागदासारखी पातळ निळी पट्टी दातांमध्ये धरली आणि आधी सरळ चावायला, मग जबडा डावी-उजवीकडे सरकवायला सांगितलं. पट्टी काढल्यावर ब्रॅकेटच्या वरच्या कडेवर ठसठशीत निळा ठिपका होता. वरच्या दाताचं टोक प्रत्येक घासाला बरोबर तिथे आपटत होतं.

मग पहिल्या महिन्यात का नाही आपटलं? कारण दात हलत होते. तारा लावल्यावर वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात हे दर महिन्याला बदलत जातं. आज मोकळं असलेलं ब्रॅकेट सहा आठवड्यांनी वरच्या दाताच्या वाटेत येऊ शकतं. हे कळल्यावर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

उपाय साधा होता. मागच्या दाढांवर निळ्या रंगाच्या मटेरियलचे छोटे उंचवटे बसवले, म्हणजे तोंड मिटलं की आधी ते टेकतात आणि ब्रॅकेट वाचतं. पहिला आठवडा जड गेला. फक्त दोन दाढा टेकत होत्या, घास चावून होईना, बोलतानाही अडखळायला व्हायचं. मग सवय झाली. तीन महिन्यांनी दात जागेवर सरकले आणि ते उंचवटे काढले. ते ब्रॅकेट उपचार संपेपर्यंत जागचं हललं नाही.

हे घरीही ढोबळपणे तपासता येतं. आरशासमोर उजेडात गाल बोटानं बाजूला ओढा, मागचे दात टेकवा आणि वरचा दात धातूला लागतोय का बघा. पुढचे खालचे दात वरच्या दातांमागे पूर्ण झाकले जात असतील तर तिथली ब्रॅकेट विशेष जपायला हवीत. तोंड मिटताना धातूवर दात आपटल्याची ‘टिक्’ जाणवते का, तेही लक्षात घ्या. सकाळी उठल्यावर जबडा दुखत असेल तर झोपेत दात खाण्याची सवय असू शकते, ती डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि हो, सवयी. पेनाचं टोपण चावणं, नखं खाणं, बर्फ फोडणं, पाकीट दातानं उघडणं. यांतली एखादी आपल्याला आहे हे आपल्याला माहीतच नसतं, घरच्यांना विचारलं तर लगेच कळतं. फळाचा मोठा तुकडा पुढच्या दातांनी तोडण्याऐवजी कापून मागच्या दातांनी खा. चिकट गोळ्या बंदच करा. त्या चावताना ब्रॅकेट वर ओढलं जातं आणि ती ओढ पकडीला दाबापेक्षाही जास्त जाचक ठरते.

एवढं सगळं बघूनही ब्रॅकेट टिकत नसेल, तर त्या एका दाताला धातूचं कडं बसवता येईल का, हे विचारायला संकोचू नका. पद्धत जुनी आहे, पण हट्टी उपदाढेवर किंवा दाढेवर ती आजही खंबीरपणे टिकते.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत

ब्रॅकेट तारेवर लटकत असेल तर ओढून काढू नका. उलटं फिरून गालाला टोचत असेल तर स्वच्छ चिमट्यानं हळूच सरळ करा. त्यावर ऑर्थोडॉन्टिक मेण लावा. मेण टिकत नाही अशी तक्रार खूप जण करतात, कारण ते ओल्या धातूवर लावतात. आधी टिश्यूनं जागा कोरडी करा, वाटाण्याएवढा गोळा बोटांत मळून मऊ करा आणि मग दाबून बसवा. जेवताना आणि ब्रश करताना काढा, नंतर नवं लावा. थोडं पोटात गेलं तरी अपाय नाही.

घरातला कुठलाही गोंद किंवा झटपट चिकटणारं द्रावण वापरून ब्रॅकेट स्वतः लावू नका. ते तोंडात वापरण्यासाठी केलेलं नसतं, हिरडी भाजू शकते, आणि चुकीच्या कोनात बसलेलं ब्रॅकेट दाताला चुकीच्या दिशेनं ढकलतं.

ब्रॅकेट गिळलं गेलं तर ते सहसा त्रास न देता पोटातून निघून जातं, तरी डॉक्टरांना कळवा. पण त्यानंतर खोकला थांबत नसेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर वाट बघत बसू नका, थेट रुग्णालयात जा.

‘पुढची तारीख आहेच की’ म्हणून चार आठवडे थांबू नका. सुटलेल्या दातावर तारेचा ताबा राहत नाही, तो मागे पडतो आणि मग पुन्हा पातळ तारेपासून सुरुवात करावी लागू शकते.

तार एकाच बाजूला टोचते

याचं उत्तर नेहमी ‘शेवट कापा’ एवढंच मिळतं, पण दोन कारणं वेगळी ओळखायला हवीत. वाकडे-तिकडे दात ओळीत येऊ लागले की तारेला लागणारी जागा कमी होते आणि उरलेली तार मागून बाहेर येते. ही चांगली खूण आहे, तिथे कापणं पुरेसं. दुसरं कारण म्हणजे सगळी तारच एका बाजूला सरकणं. आरशात दोन्ही बाजू बघा. उजवीकडे तार टोचतेय आणि डावीकडे ती शेवटच्या दाढेवरच्या नळीतून जवळजवळ दिसेनाशी झालीय, तर ती सरकतेय. मग उजवीकडे कितीही कापलं तरी ती परत येणार, आणि डावीकडून एक दिवस नळीतून निसटणार. अशा वेळी तारेवर छोटा अडथळा दाबून बसवतात किंवा टोक वाकवतात. ‘तार सरकू नये म्हणून काही करता येईल का?’ एवढं विचारलंत तरी पुरे.

सुरुवातीच्या या लवचीक तारा निकेल आणि टायटॅनियमच्या असतात. नितिनॉल या त्यांच्या नावात दोन्ही धातूंसोबत अमेरिकी नौदलाच्या ज्या प्रयोगशाळेत हा मिश्रधातू विकसित झाला तिची आद्याक्षरंही आहेत. यातल्या उष्णतेनं ताठ होणाऱ्या तारा थंड झाल्या की जरा ढिल्या पडतात. म्हणून तार बदलल्यावर पहिले दोन दिवस दात ठणकत असतील तर गार पाण्याच्या चुळा भरून बघा, मला त्यानं खरोखर बरं वाटायचं.

हिरडी पुन्हा पुन्हा सुजते

‘ब्रशनं ब्रॅकेट निघेल’ या भीतीनं ब्रश हलका करणारे खूप भेटतात. नीट बसलेलं ब्रॅकेट मऊ ब्रशनं निघत नाही. उलट हिरडी आणि ब्रॅकेट यांच्यामधली अरुंद पट्टी अस्वच्छ राहिली, तर चार आठवड्यांतही दातावर खडूसारखे पांढरे डाग उठू शकतात. उपचार संपून ब्रॅकेट काढल्यावर त्यांचा चौकोन दातावर कायमचा दिसू शकतो. सरळ दातांवर असे डाग बघणं मला फार वाईट वाटतं, कारण ते टाळता येतात. ब्रशचे केस एकदा वरून तारेकडे तिरके आणि एकदा खालून तिरके धरा, तारेखाली बारीक बाटलीब्रशासारखा ब्रश फिरवा आणि फ्लोराइडची पेस्ट वापरा. रक्त येतं म्हणून ती जागा सोडू नका. साचलेल्या थरामुळे ते येत असेल, तर नीट साफ केल्यावर काही दिवसांत कमी व्हायला लागतं. तसं झालं नाही तर दाखवा.

रिटेनर रोज घट्ट लागतो

तारा काढल्यावर दात नव्या जागी टिकावेत म्हणून जो साचा घालायला देतात, तो रिटेनर. तारा निघाल्या की सुटलो असं वाटतं. पण दात नव्या जागी आले तरी त्यांना धरणारे तंतू अजून जुन्या जागेकडे ओढत असतात. दाताच्या मुळाभोवतालचे तंतू नव्यानं बसायला तीन-चार महिने लागतात, हिरडीतल्या लवचीक तंतूंना तर वर्षभरही लागू शकतं. म्हणून सुरुवातीला रिटेनर जवळपास दिवसभर घालायला सांगतात.

रात्री घातल्यावर पहिली काही मिनिटं आवळल्यासारखं वाटतं आणि मग सैल होतं, तर दिवसात दात किंचित सरकतायत. घालायचे तास वाढवा आणि डॉक्टरांना सांगा. रिटेनर एका टोकाला टेकतच नाही, दात आणि प्लॅस्टिकमध्ये फट दिसते, तर मात्र दातानं चावून तो बसवू नका. त्यानं एकतर तो तडकतो, नाहीतर दात दुखावतो. अशा वेळी शक्य तितक्या लवकर दाखवा. किती दिवस लोटलेत यावर तोच रिटेनर चालेल की नवा करावा लागेल, हे ठरतं.

घट्टपणाचं आणखी एक कारण म्हणजे गरम पाणी. पारदर्शक रिटेनर प्लॅस्टिकचा पत्रा तापवून, साच्यावर ओढून केलेला असतो. तोच पत्रा कढत पाण्यात पुन्हा मऊ होतो आणि आकार सोडतो. धुवायला नेहमी साधं किंवा कोमट पाणीच घ्या. मोटारीच्या तापलेल्या डॅशबोर्डवरही तो ठेवू नका.

पांढरा, खरखरीत थर आणि वास ही तक्रारही वारंवार येते. तो थर म्हणजे लाळेतल्या खनिजांचं कीटण. टूथपेस्टनं घासलं तर प्लॅस्टिकवर बारीक ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी थर त्यांतच आणखी घट्ट धरतो. तोंडातून काढल्याबरोबर, लाळ वाळायच्या आत, मऊ ब्रश आणि थोड्या सौम्य द्रव साबणानं धुवा. मला विचाराल तर बाकी सगळ्या उपायांपेक्षा हीच एक सवय जास्त कामाची. थर बसलाच असेल तर पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी यांत पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग ब्रशनं घासून भरपूर पाण्यानं धुवा. रिटेनरला धातूची तार असेल तर व्हिनेगर नेहमी वापरू नका.

रिटेनर दर वेळी एकाच जागी तडकत असेल तर तो काढताना हात कुठे जातो ते बघा. बहुतेक जण एकाच बाजूनं ओढतात. दोन्हीकडच्या शेवटच्या दाढांपाशी, आतल्या बाजूनं बोटं घालून तो समान उचला.

हरवण्याचा उपाय एकच: तोंडात नाहीतर डबीत. टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेला रिटेनर कचऱ्यात जातो. घरात कुत्रा असेल तर उघड्यावर ठेवलेला रिटेनर त्याच्या तोंडी लागायलाही वेळ लागत नाही.

आतून चिकटवलेली तार

पुढच्या दातांच्या मागे कायमची तार असेल तर ती दिसत नाही, म्हणून तिची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. सहापैकी एका दातावरचं सिमेंट सुटलं तरी तार जागेवर वाटते, काहीच टोचत नाही, आणि तो एक दात मात्र हळूहळू वळत राहतो. लक्षात येईपर्यंत महिने जातात. महिन्यातून एकदा छोटा आरसा आत धरून प्रत्येक दातावरचा सिमेंटचा ठिपका मोजा. मग नखानं तार प्रत्येक दातापाशी हलकेच दाबून बघा, कुठे ती दातापासून वेगळी हलते का. अचानक एकाच ठिकाणी अन्न अडकायला लागलं, किंवा नेहमी अडणारा फ्लॉस (दातांमधली फट साफ करायचा दोरा) मध्येच तारेखालून सरकून गेला, तरी शंका घ्या. तसं आढळलं आणि तुमच्याकडे काढता-घालता येणारा रिटेनर असेल, तो अजून व्यवस्थित बसत असेल, तर त्या रात्रीपासून तो घालायला लागा आणि सकाळी पहिला फोन डॉक्टरांना करा.